पुतण्या युनियनचा अध्यक्ष झाला, तर बिघडते कुठे?

आपण विचारले आहे की, मुंबईतल्या कापड गिरण्यांबरोबर युनियनमधली गुंड टोळ्यांची दहशतही संपली असेल, तर नेत्याच्या मुलाने किंवा पुतण्याने संघटना पुढे चालवली म्हणून बिघडते कुठे. बिघडते, आणि नेमके कुठे ते मी जवळून पाहिले आहे, म्हणून लिहितो. मात्र आपल्या प्रश्नाचा पहिला अर्धा भागच मला मान्य नाही. दहशत गिरणगावातून उठून औद्योगिक वसाहतींच्या गेटवर येऊन बसली आहे आणि आज ती बहुतेक वेळा नात्यागोत्याच्या आधाराने टिकून आहे.

गिरणगावाचे थोडक्यात सांगतो. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार कापड उद्योगात कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार एकाच प्रातिनिधिक संघटनेला होता आणि तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा पगारवाढीबरोबर हा कायदा रद्द करण्याचीही त्यांची मागणी होती. कामगार कोणाच्या मागे आहेत हे रस्त्यावर उघड दिसत असतानाही राष्ट्रीय मिल मजदूर संघाची मान्यता हलली नाही, कारण गुप्त मतदान घेऊन ती ठरवण्याची सोयच कायद्यात नव्हती. पुढे 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकण्याचा मार्ग मोकळा केला आणि कामगारांच्या वतीने संमतीची सही कोण करणार, या प्रश्नाला कोट्यवधींचे मोल आले. टोळ्यांना युनियन हवी होती ती या सहीसाठी, असे माझे स्पष्ट मत आहे. 1994 मध्ये खटाव मिलचे सुनीत खटाव यांची गोळ्या घालून हत्या झाली आणि 16 जानेवारी 1997 रोजी पवईत डॉ. सामंतांची. सामंतांच्या खुनाच्या खटल्यातून टोळीप्रमुख छोटा राजन 2023 मध्ये पुराव्याअभावी निर्दोष सुटला.

आता माझ्या अनुभवाकडे येतो. मी पुणे जिल्ह्यातल्या एका औद्योगिक वसाहतीत, वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या कारखान्यात कायम कामगार होतो आणि युनियनच्या अंतर्गत कमिटीवर निवडून आलो होतो. आमचे अध्यक्ष कारखान्याबाहेरचे होते. तरुणपणी त्यांच्यावर मारामारीचे आणि खंडणीचे गुन्हे नोंदवले गेले होते, हे सगळ्या तालुक्याला माहीत होते. तरी पहिले करार त्यांनी चांगले केले, हेही तितकेच खरे आहे. ते वारले तेव्हा शोकसभेतच त्यांच्या पुतण्याच्या गळ्यात हार घातला गेला आणि 'आजपासून हेच आपले अध्यक्ष' असे माइकवरून जाहीर झाले. हा पुतण्या कधीही कोणत्याही कारखान्यात कामाला नव्हता. त्याच्या पत्नीच्या नावावर मजूर पुरवणारी फर्म होती, मामेभावाकडे आमच्याच कारखान्याच्या स्क्रॅपचा ठेका होता आणि आम्हाला ने-आण करणाऱ्या बसगाड्या त्याच्या सासऱ्यांच्या होत्या.

त्यानंतरच्या पहिल्याच करारात पगारवाढीचा आकडा घसघशीत होता, मात्र शेवटून दुसऱ्या पानावर एक कलम होते: 'उत्पादनाच्या गरजेनुसार कंत्राटी मनुष्यबळ वापरण्यास संघटनेची हरकत राहणार नाही.' निवृत्त होणाऱ्या प्रत्येक कायम कामगाराच्या जागी कंत्राटी मुलगा येणार आणि तो पुतण्याच्याच घरच्या फर्मकडून येणार, असा त्या एका वाक्याचा अर्थ होता. वाटाघाटीच्या टेबलावर जो कामगारांचा प्रतिनिधी म्हणून बसला होता, त्याचेच घर व्यवस्थापनाचे पुरवठादार होते. बिघडते ते इथे.

मी गेट मीटिंगमध्ये हे कलम मोठ्याने वाचून दाखवले. गेटच्या बाजूला काही अनोळखी माणसे उभी होती. त्यांच्यातल्या एकाच्या हातात आमच्या हजेरीपटाची झेरॉक्स होती आणि जो बोलेल त्याच्या नावापुढे तो पेनाने खूण करत होता. त्याच संध्याकाळी दोघे जण पेढ्यांचा बॉक्स घेऊन माझ्या घरी आले. त्यांनी आवाज चढवला नाही, चहा घेतला, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि निघताना माझ्या मुलीच्या शाळेचे नाव व तिची बस कोणत्या चौकात थांबते, हे मलाच सांगितले. असे कोणी सांगून गेले तर पोलिसांत नेमकी कशाची तक्रार द्यायची, हे आपणच मला सांगा.

तरी आम्ही काही जण मागे हटलो नाही. 1926 च्या ट्रेड युनियन कायद्याच्या कलम 20 ने सभासदाला संघटनेच्या हिशेबाच्या वह्या आणि सभासदांची यादी पाहण्याचा अधिकार दिला होता. त्यानुसार लेखी अर्ज दिला, तो घ्यायलाच नकार मिळाला. मग माहितीच्या अधिकारात, संघटनांची नोंदणी करणाऱ्या निबंधकांच्या कार्यालयातून वार्षिक विवरणपत्राच्या प्रती काढल्या. त्यांत कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये सर्वसाधारण सभा होऊन पुतण्याची एकमताने निवड झाल्याचे लिहिले होते, आणि सभेची तारीख दिवाळीच्या शटडाउनमधली होती, जेव्हा कॅन्टीनला कुलूप होते. आम्ही हरकत घेतली, संघटनेला नोटीस गेली आणि पुन्हा निवडणूक घ्यावी लागली. ती हात वर करून झाली. हॉलच्या दोन्ही भिंतींना तीच माणसे उभी होती, तीच झेरॉक्स हातात होती, आणि पुतण्या प्रचंड बहुमताने निवडून आला. माझ्या शेजारी बसलेल्या, कमिटीवर माझ्या बाजूने भांडलेल्या सहकाऱ्यानेही हात वर केला. त्याला मी दोष देत नाही. त्याचा मुलगा त्याच फर्मकडे कंत्राटी म्हणून लागलेला होता.

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, नोंदणीकृत माथाडी कामगार, म्हणजे मालाची चढउतार करणारे हमाल आहेत. त्यांचे म्हणणे आजही असे की, धाकाशिवाय मालक हलत नाही, आणि कायदा सांगणाऱ्या माणसापेक्षा चार माणसे उभी करणारा नेता बरा. मी त्यांना दर वेळी एकच विचारतो: दाजी, तुम्हाला भविष्य निर्वाह निधी, बोनस आणि ओळखपत्र कोणी दिले? ते 1969 च्या माथाडी कायद्याने दिले, अण्णासाहेब पाटील यांनी हमालांना संघटित करून जो लढा उभारला, त्याने दिले. मालक, कामगार आणि शासन यांचे त्रिपक्षीय मंडळ, मजुरीवर लेव्ही, म्हणजे मालकाने मंडळाकडे भरायची जादा रक्कम, आणि मंडळामार्फतच पगार, ही व्यवस्था मुकादमाच्या मर्जीतून हमालाला सोडवण्यासाठीच होती. आज त्याच माथाडीच्या नावाखाली चाकण आणि रांजणगाव परिसरांत खंडणी मागितल्याचे गुन्हे पोलिसांना नोंदवावे लागले आहेत. काम न करता वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, वसूल करणारा माणूस मालकाला त्रास देतो हे खरे, पण तो पहिला घाव घालतो तो दाजींसारख्या प्रामाणिक माथाडीच्या नावावर. धाकाचा फायदा ज्याच्या हातात धाक आहे त्यालाच होतो. कामगाराच्या वाट्याला त्यातले जे येते, ते गप्प राहण्याची किंमत म्हणून येते.

घराणेशाही आपोआप वाईट ठरते, असे मात्र मी म्हणत नाही. अमेरिकेतल्या ट्रकचालकांच्या टीमस्टर्स या संघटनेत माफियाचा शिरकाव इतका झाला होता की, तिचे एके काळचे अध्यक्ष जिमी हॉफा 1975 मध्ये बेपत्ता झाले ते कधीच सापडले नाहीत. 1989 मध्ये सरकारने भरलेल्या दाव्यात तडजोड झाली आणि सभासदांच्या थेट, गुप्त मतदानाने अध्यक्ष निवडण्याची पद्धत तिथे आली. त्याच पद्धतीने 1998 मध्ये हॉफांचा मुलगा निवडून आला आणि 2022 पर्यंत अध्यक्ष राहिला. वडिलांचे नाव त्याच्या कामी आलेच असेल, पण त्याला सभासदांपुढे मते मागायला जावे लागले, आणि ती मते कोणी कोणाला दिली हे पाहायला भिंतीशी कोणी उभे नव्हते.

आपल्याकडे महाराष्ट्राच्या 1971 च्या कामगार संघटना मान्यता कायद्याने मान्यतेसाठी किमान 30 टक्के सभासदत्वाची अट घातली, पण ते मोजायचे वर्गणीच्या पावत्या आणि नोंदवह्या तपासून. पावती फाडून घेणे हे धाकाने सहज होणारे काम आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेला वाटाघाटीचा एकमेव अधिकार मिळतो. म्हणजे त्या एका खुर्चीचे मोल आणखी वाढणार आहे, आणि म्हणून हा पाठिंबा गुप्त मतदानानेच मोजला पाहिजे, हे माझे ठाम मत आहे.

हे सगळे लिहिल्यावर काही गोष्टी जोडणे आवश्यक आहे. बहुसंख्य संघटना स्वच्छ आहेत, आणि नेत्यांची कितीतरी मुले तुरुंग आणि निलंबन सोसून चळवळीत टिकली आहेत. टोळीला पोसण्यात मालकांचा हातही कमी नसतो. आमच्या कारखान्यात पुतण्याच्या घरच्यांना ठेके व्यवस्थापनानेच दिले होते आणि त्याच्याशी व्यवहार करणे त्यांना आमच्याशी बोलण्यापेक्षा सोपे वाटत होते.

आपण स्वतः कोणत्या संघटनेचे सभासद आहात, हे आपण लिहिलेले नाही. असाल, तर आधी संघटनेची घटना मिळवून अध्यक्षाची निवड कशी व्हावी याचे कलम वाचा. त्यानंतर वार्षिक विवरणपत्रातली पदाधिकाऱ्यांची यादी काढा, कारखान्यातल्या नोंदणीकृत कंत्राटदारांची यादी कामगार कार्यालयातून मागवा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा. फर्मच्या नावावर जाऊ नका, मालक आणि भागीदार कोण आहेत ते पाहा. आणि अर्ज एकट्याच्या सहीने देऊ नका. निदान प्रत्येक विभागातला एक जण त्यात असू द्या.