न आलेल्या गाडीसाठी किती थांबायचं?

बाणेरहून एका वाचकाने लांबलचक पत्र पाठवलंय. वय ४२, आयटीत वरच्या पदावर, हातात येणारा पगार महिना ३ लाख ९० हजार. पत्नीचा फिजिओथेरपीचा व्यवसाय एका छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावावर आहे. मुलगी नववीत आहे. गृहकर्जाचा हप्ता ६२ हजार आणि एसआयपी ८० हजार. सध्याची गाडी २०१७ ची स्कोडा ऑक्टेव्हिया, ७८ हजार किलोमीटर चाललेली. त्यांना बीएमडब्ल्यूची एम३४०आय, म्हणजे ३ सिरीजमधली तीन लिटर, सहा सिलिंडरची पेट्रोल सेडान, घ्यायची आहे. हातात आलेलं कोटेशन ऑन-रोड सुमारे ९० लाखांचं आहे, त्यातले ३५ लाख रोख भरून ५५ लाखांचं कर्ज सात वर्षांसाठी काढायचा विचार आहे. पण पुढच्या पिढीच्या ३ सिरीजमध्ये एम३५० नावाची गाडी येणार, जोडीला दणकट प्लग-इन हायब्रिडही (पेट्रोल इंजिन आणि चार्जरला लावायची बॅटरी, दोन्ही असलेली गाडी) येणार, अशी चर्चा त्यांनी वाचली आणि ते थबकले. त्यांचा प्रश्न असा: "आता घेऊ की थांबू? हायब्रिड आली तर पेट्रोलचे पैसेही वाचतील ना?"

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला फार आवडलं: "वडिलांनी आयुष्यभर बजाज चेतक चालवली, मला एकदा तरी सहा सिलिंडरचा आवाज ऐकायचाय." ही इच्छा मी खर्चाच्या वहीत उधळपट्टी म्हणून लिहिणार नाही. ती पुरी व्हावी असं मलाही वाटतं, म्हणूनच आकडे जरा कडक तपासले.

आधी हायब्रिडबद्दल. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी तीन लिटर पेट्रोल इंजिनाच्या सेडानवर २८ टक्के जीएसटी आणि २० टक्के सेस (उपकर) मिळून ४८ टक्के कर होता. हायब्रिडवर सेस १५ टक्के होता, म्हणजे एकूण ४३. त्या दिवसापासून सेस गेला आणि मोठ्या गाड्या सरसकट ४० टक्क्यांत आल्या, हायब्रिड असो वा नसो. फक्त पूर्ण इलेक्ट्रिक गाडी ५ टक्क्यांवर राहिली. तेव्हा "हायब्रिडवर कर कमी" हा जुना हिशोब आता लागू नाही. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला होता, त्याच्या बातम्या अजून फिरत असतात. आपल्याकडे महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स आहे आणि हायब्रिडही त्यातच धरा.

आता पेट्रोल. तुम्ही वर्षाला १२ हजार किलोमीटर चालवता. पुण्याच्या रहदारीत ही गाडी लिटरला ९ किलोमीटर देईल असं धरू, पेट्रोल १०४ रुपये. वर्षाचे झाले साधारण १ लाख ३९ हजार. प्लग-इन हायब्रिडवर निम्मं अंतर विजेवर काढलंत, तर वीज आणि उरलेलं पेट्रोल मिळून ८४ हजारांच्या आसपास. बचत वर्षाला ५५ हजार. येणारी गाडी शोरूमच्या किमतीत १५ लाखांनी महाग निघाली, तर रोड टॅक्स आणि विमा धरून १७ लाख जास्त जातील. ५५ हजारांच्या बचतीने ते फिटायला तीस वर्षं लागतील. ही १५ लाखांची रक्कम माझा अंदाज आहे, पण ती निम्मी धरली तरी पंधरा वर्षं होतातच. आणि हे सगळं घरच्या पार्किंगमध्ये चार्जर असेल तर. तुमच्या सोसायटीत चार्जरचा विषय दोन सर्वसाधारण सभांमध्ये अडकलाय असं तुम्हीच लिहिलंय. चार्जिंग होत नसेल तर हायब्रिडची बॅटरी म्हणजे डिकीत कायमचं ठेवलेलं ओझं.

ओझं हा शब्द मुद्दाम वापरला. बीएमडब्ल्यूची नवी एम५ नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतात आली, तेव्हाची शोरूम किंमत १ कोटी ९९ लाख. ४.४ लिटर व्ही८ (आठ सिलिंडरचं) इंजिन, जोडीला विजेची मोटर, एकूण ७२७ अश्वशक्ती. पण वजन २,४०० किलोंच्या पुढे गेलं आणि शून्य ते शंभरला ३.५ सेकंद लागतात. आधीच्या पिढीची एम५ कॉम्पिटिशन ३.३ सेकंदांत जायची. मर्सिडीजने सी६३ मधला व्ही८ काढून दोन लिटरचं चार सिलिंडर इंजिन आणि विजेची मोटर बसवली. आकडे जबरदस्त आहेत, ६८० अश्वशक्ती, पण नुसत्या विजेवर गाडी जेमतेम १३ किलोमीटर जाते, आणि जुन्या चाहत्यांनी नाराजी उघड बोलून दाखवली. तुम्हाला आवाज ऐकायचाय. 'हायब्रिड' या शब्दात तो आवाज असेलच असं नाही. इंजिन कोणतं आहे ते कळल्याशिवाय त्या नावावर पैसे अडवून ठेवू नका. पुढची एम३ (३ सिरीजचं सर्वात ताकदवान रूप) पेट्रोल आणि इलेक्ट्रिक अशा दोन्ही रूपांत येणार, हे कंपनीने सांगितलंय. भारतात नेमकं काय येतं, कधी येतं आणि चेन्नईच्या कारखान्यात जुळवून की थेट आयात करून येतं, यावर किंमत ठरते. एम३४०आय २०२१ मध्ये ६२ लाख ९० हजारांना मिळाली ती चेन्नईत जुळवली गेली म्हणूनच. ४० हजार डॉलर्सवरच्या आयात गाडीवर ११० टक्के शुल्क बसतं, हे लक्षात घेतलं तर अफवेतली गाडी तुमच्या पट्ट्यात येईल की दीड कोटीच्या घरात जाईल, याचा फरक कळेल.

अफवा खरी ठरली तरी काय होतं, त्याचं उदाहरण तुमच्याच गाडीच्या घरात आहे. नवी ऑक्टेव्हिया आरएस येणार ही कुजबुज कितीतरी महिने चालू होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती आलीही, ४९ लाख ९९ हजारांना. पण आणल्या फक्त १०० गाड्या आणि किंमत जाहीर व्हायच्या आधीच त्या बुक होऊन गेल्या.

तरीही मी थांबा म्हणतोय. हायब्रिडसाठी नाही, डाउन पेमेंटसाठी.

तुमचा महिना मांडून पाहिला. पगारातून गृहकर्ज, एसआयपी आणि १ लाख ३० हजारांचा घरखर्च गेला की १ लाख १८ हजार उरतात. ५५ लाखांच्या कर्जाचा ९ टक्क्यांनी सात वर्षांचा हप्ता ८८,५०० रुपये. विमा, सर्व्हिसिंग आणि पेट्रोल मिळून महिना ३७ हजार धरा. जुन्या गाडीवर आज जाणारे १५ हजार वाचतील हे धरूनही हातात राहतात साडेसात हजार. एखाद्या लग्नाचा आहेर, आईची दातांची ट्रीटमेंट, मुलीचा क्लास, यांतलं काहीही आलं की पहिला घाव एसआयपीवर पडणार. आणि मुलीच्या कॉलेजची फी नेमकी कर्जाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी येतेय. सात वर्षांत व्याज जाईल १९ लाख ३० हजारांच्या वर.

आता दुसरा रस्ता. पुढच्या एक तारखेपासून गाडी दारात आली असंच समजा. हप्त्याचे ८८,५०० आणि वाढीव खर्चाचे २२ हजार, असे १ लाख १० हजार ५०० रुपये वेगळ्या खात्यातून लिक्विड फंडात (कमी जोखमीचा, पैसे चटकन काढता येणारा म्युच्युअल फंड) टाका. पंधरा महिन्यांत साडेसोळा लाखांच्या वर जमतील, वरचा परतावा वेगळा. मग कर्ज ५५ ऐवजी ३८ लाखांचं. पाच वर्षांचा हप्ता ७८,९०० आणि एकूण व्याज ९ लाख ३० हजारांच्या आसपास. म्हणजे व्याजातच दहा लाख वाचले. जानेवारीत कंपन्या किमती वाढवतात तशी तीन टक्के वाढ झाली, तरी ती पावणेतीन लाखांची. शिवाय पंधरा महिने ही रक्कम बाजूला काढताना घरात कुरकुर झाली, तर आत्ताच कळेल. ती कुरकुर कर्जावर सही करून झाल्यावर कळली तर खूप महाग पडते. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांमध्ये हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

एक अट मात्र पक्की. आज कागदावर ९० लाख लिहा, खाली तुम्ही दोघांनी सह्या करा. थांबण्यातला खरा धोका हा की महिन्यागणिक बजेट वर सरकतं. ९० चं ९८ होतं, मग "इतके देतोच आहोत तर" म्हणत एक कोटी दहा लाख. नवी गाडी ९० लाखांच्या आत बसली तर ती घ्या. नाही बसली तर नवी पिढी आल्यावर जुन्या पिढीच्या शिल्लक एम३४०आयवर सूट मागा, किंवा दोन-तीन वर्षं वापरलेली, सर्व्हिस रेकॉर्ड पूर्ण असलेली एम३४०आय बघा. सहा सिलिंडरचा आवाज तोच आहे. मी तुमच्या जागी असतो तर वापरलेलीच घेतली असती, कारण पहिल्या मालकाने भरलेला रोड टॅक्स आणि पहिल्या वर्षांचा घसारा तुम्हाला भरावा लागत नाही.

पत्रात ओझरती आलेली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली. डाउन पेमेंटचे ३५ लाख तुमच्या अमेरिकी कंपनीच्या शेअर्समध्ये आहेत आणि "गाडी येईपर्यंत तिथेच वाढू देतो" असं तुम्ही लिहिलंय. पगार त्याच कंपनीचा, गाडीचे पैसेही त्याच कंपनीत. एका वाईट तिमाहीत नोकरी आणि डाउन पेमेंट दोन्ही हलतील. २४ महिन्यांपेक्षा जुने शेअर्स आधी विका, त्यांच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे, आणि ते पैसे लिक्विड फंडात आणा. बाकीचे मुदत पूर्ण होईल तसे विका. करासाठीची रक्कम बाजूला ठेवायला विसरू नका, नाहीतर ३५ चे ३२ झालेले डिलिव्हरीच्या आठवड्यात कळतील.

गाडी पत्नीच्या कंपनीच्या नावावर घ्यावी का? नको. महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरच्या गाडीला १३ ऐवजी २० टक्के रोड टॅक्स लागतो. जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला जीएसटी कंपनीच्या करातून वजा करण्याची सोय) अशा गाडीवर मिळत नाही. घसारा १५ टक्के मिळतो, पण वापर घरचा असेल तर तो पूर्ण मागणंही योग्य नाही. स्वतःच्या नावावर घ्या. १० लाखांवरच्या गाडीवर कापला जाणारा १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने खरेदीवेळीच गोळा केलेला कर) तुमच्या आयकरात वळता होतो. कंपनीच्या पेरोल विभागाला कळवलंत तर त्याच वर्षीच्या टीडीएसमध्येही तो धरला जाईल.

शेवटचा प्रश्न, सेल्समन "नव्या मॉडेलसाठी नंबर लावून ठेवतो" म्हणून एक लाख मागतोय. ज्या गाडीची किंमत आणि नाव कंपनीने भारतात जाहीर केलेलं नाही, तिच्यासाठी पैसे देऊ नका. अधिकृत बुकिंग सुरू झालं की डीलरच्या नावाची पावती आणि रक्कम परत मिळण्याची अट लेखी घेऊन मगच भरा. तोवर ऑक्टेव्हियाचे टायर आणि ब्रेक पॅड तपासून घ्या. पंधरा महिने तिच्यावरच काढायचे आहेत.