बायोनिक : अँड्रॉइडच्या सी लायब्ररीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचं ॲप अँड्रॉइड ८ पासून पुढे चालायला हवं. नव्या फोनवर ते नीट चालतं, जुन्यावर उघडताक्षणी बंद पडतं. लॉगमध्ये ‘गेटरँडम’ (यादृच्छिक आकडे देणारं फंक्शन) हे सिम्बॉल, म्हणजे फंक्शनचं नाव, सापडत नाही असं येतं. फोनमधली लायब्ररी बिघडली आहे का? (सांगली)

उत्तर : लायब्ररी शाबूत आहे. बायोनिक, म्हणजे सी भाषेतल्या मूलभूत फंक्शन्सची अँड्रॉइडची लायब्ररी, फोनच्या सिस्टिमबरोबर येते, ॲपबरोबर नाही. अँड्रॉइड ८.० च्या फोनवर एपीआय लेव्हल (अँड्रॉइडच्या प्रत्येक आवृत्तीतल्या फंक्शन्सच्या संचाचा क्रमांक) २६ पर्यंतचीच फंक्शन्स असतात, आणि ‘गेटरँडम’ आलं २८ ला, म्हणजे अँड्रॉइड ९ मध्ये. तुमचा स्वतःचा कोड २६ ही लेव्हल देऊन बिल्ड केलात तर ही चूक कंपायलरच पकडतो. तरीही ती फोनपर्यंत पोचली असेल, तर आधी बाहेरून तयार आणलेल्या एसओ फाइली (आधीच कंपाइल झालेल्या लायब्ररी) तपासा. एनडीके (अँड्रॉइडसाठी सी, सी++ कोड बिल्ड करायचा साधनसंच) मधल्या रीडएल्फ या साधनाने प्रत्येक एसओचं डायनॅमिक सिम्बॉल टेबल काढा. ‘गेटरँडम’ जिथे अनडिफाइन्ड दिसेल, ती फाइल २६ वर पुन्हा बिल्ड करायची आणि आत ‘एआरसी४रँडम_बफ’ हे तसंच काम करणारं फंक्शन वापरायचं. ते खूप आधीपासून उपलब्ध आहे, त्याला सीड (सुरुवातीचा आकडा) द्यावं लागत नाही आणि रिटर्न कोडही तपासायचा नसतो. सिस्टिम कॉल (कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, केलेली विनंती) थेट करून पळवाट काढू नका. अँड्रॉइड ८ पासून ॲपवर सेकॉम्प फिल्टर आहे; तो ठरलेल्या यादीतलेच सिस्टिम कॉल जाऊ देतो. यादीबाहेरचा कॉल गेला की कर्नल प्रोसेसच मारून टाकतो.

प्रश्न : टार्गेट एसडीके (ॲप कोणत्या एपीआय लेव्हलसाठी लिहिलंय ते सांगणारा आकडा) वाढवल्यापासून ॲप बंद होताना अधूनमधून क्रॅश होतं. नष्ट केलेल्या म्यूटेक्सवर (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) लॉक मागितल्याचा फोर्टिफाय, म्हणजे बायोनिकच्या सुरक्षा-तपासणीचा, संदेश येतो. कोड तर बदललेलाच नाही. (पणजी)

उत्तर : चूक आधीपासून होती. टार्गेट २८ च्या खाली असताना बायोनिक अशा वेळी फक्त ‘ईबिझी’ हा एरर कोड परत देते, आणि तो कोड सहसा कुणी तपासत नाही. २८ पासून ती प्रोसेस थांबवते. टूम्बस्टोनमध्ये (क्रॅशनंतर सिस्टिम लिहिते त्या अहवालात) दोन थ्रेड शेजारी ठेवून वाचा : मुख्य थ्रेड ‘एक्झिट’मध्ये असून ग्लोबल ऑब्जेक्टचे डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट नष्ट करणारा कोड) चालवतोय आणि वर्कर थ्रेड त्यातल्याच म्यूटेक्सकडे आलाय, असं चित्र बहुतेकदा दिसतं. खरा उपाय म्हणजे ‘एक्झिट’च्या आधी वर्करना थांबायला सांगून त्यांना जॉइन करणं, म्हणजे ते संपेपर्यंत वाट पाहणं. ते शक्य नसेल तर तो म्यूटेक्स हीपवर घ्या आणि मुद्दाम कधीच सोडू नका. प्रोसेस संपताना ती मेमरी कर्नल परत घेतोच. टार्गेट पुन्हा खाली आणू नका; त्याने थ्रेडमधली शर्यत तशीच राहते, फक्त दिसेनाशी होते.

प्रश्न : ३२ बिट एबीआयमध्ये (कंपाइल झालेल्या कोडने एकमेकांशी कसं बोलायचं त्याचे नियम) ‘ऑफ_टी’, म्हणजे फाइलमधली जागा सांगणारा प्रकार, अजून ३२ बिटचाच का? आणि बायोनिकला दुरुस्ती पाठवायची तर सुरुवात कुठून करावी? (पुणे)

उत्तर : तो आकार आधीच बिल्ड झालेल्या असंख्य एसओंमध्ये गोठलेला आहे. आज ६४ केला तर त्या सगळ्या चुकीच्या जागेतून आकडे वाचतील. वेळ साठवणाऱ्या ‘टाइम_टी’चंही तेच, ३२ बिट एबीआयवर तो १९ जानेवारी २०३८ ला उलटणारच, आणि त्यावर उत्तर ६४ बिट बिल्ड हेच. २ जीबीपुढच्या फाइलींसाठी ‘_फाइल_ऑफसेट_बिट्स’ हा मॅक्रो ६४ ठेवा आणि मिनिमम लेव्हल २४ ठेवा. त्याखाली काही फंक्शन्सच नाहीत. एक सांभाळा : तुमच्या लायब्ररीच्या हेडरमध्ये ‘ऑफ_टी’ असेल तर ती वापरणाऱ्या प्रत्येकाने हाच मॅक्रो द्यायला हवा, नाहीतर दोन्हीकडे आकार वेगळे होतात.

दुरुस्तीचं म्हणाल, तर आधी ती फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते पाहा. ‘अपस्ट्रीम-ओपनबीएसडी’मध्ये असेल तर बदल आधी ओपनबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पाकडे जायला हवा, तिथून तो बायोनिकमध्ये येतो. नवं फंक्शन असेल तर चार ठिकाणी हात लागतो : हेडरमध्ये कोणत्या लेव्हलला आलं त्याची खूण, लिब्सीच्या (बायोनिकमधली मुख्य सी लायब्ररी) मॅप फाइलमध्ये, म्हणजे बाहेर दिसणाऱ्या सिम्बॉलच्या यादीत, त्याच लेव्हलची नोंद, प्रत्यक्ष कोड, आणि टेस्ट. मॅपमधली नोंद राहिली तर कोड कंपाइल होतो, पण सिम्बॉल बाहेरच पडत नाही. नवख्यांचा वेळ इथेच सर्वात जास्त जातो. टेस्ट बायोनिकच्या युनिट टेस्टमध्ये घाला. त्यांतल्या बहुतेक टेस्ट होस्टवर, म्हणजे तुमच्या संगणकावर, जीलिब्सीविरुद्धही (लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी) चालवता येतात. तिथेही तुमची टेस्ट नापास झाली, तर पॅच पाठवण्याआधी पॉझिक्सचं (ही फंक्शन्स कशी वागावीत ते सांगणारं मानक) वाक्य पुन्हा वाचा. बहुधा अपेक्षाच चुकीची लिहिली गेलेली असते.