गीझरचा व्हॉल्व्ह टपकतोय? बूच मारू नका!

नोव्हेंबर लागला की माझ्या फोनवर एकच फोटो यायला लागतो, गीझरच्या खालचा पितळी व्हॉल्व्ह आणि त्याच्याखाली ठेवलेला मग. नागपुरात सकाळचा पारा 10 च्या खाली गेला की उन्हाळाभर बंद पडलेला गीझर सगळ्यांना एकदम आठवतो. तेच तेच प्रश्न येऊन राहिले म्हणून या वेळी एकत्रच घेतो.

प्रश्न (प्रतापनगर): गीझर चोवीस तास चालू ठेवला तर बिल कमी येतं म्हणे, खरं का?

खोटं. 15 लिटर पाणी 40 अंशांनी तापवायला साधारण 0.7 युनिट लागतं, 2 किलोवॅटच्या गीझरला वीसेक मिनिटं. आंघोळीच्या आधी लावा, मग बंद करा.

प्रश्न (मनीषनगर): 25 लिटरचा गीझर आहे, पाणी तापताना खालच्या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पडतं. मेकॅनिक म्हणतो "बूच मारून देतो, दीडशे रुपयांत काम होते." मारू का?

अजिबात नाही! भाऊ, तो सेफ्टी व्हॉल्व्ह आहे आणि तो टपकतोय म्हणजे बहुतेक वेळा आपलं काम करतोय. पाणी तापलं की फुगतं, 15 अंशांवरून 65 वर गेलं की जवळजवळ 2 टक्के, म्हणजे तुमच्या 25 लिटरमध्ये अर्धा लिटर जास्तीचं पाणी तयार झालं. ते जाणार कुठे? गरम नळ बंद, आणि गरम पाणी उलटं वरच्या टाकीकडे जाऊ नये म्हणून त्याच व्हॉल्व्हमध्ये नॉन-रिटर्नची सोय असते, मग ते थेंबाथेंबानं तिथूनच बाहेर पडतं. खाली ठेवलेला मग भरत असेल तर भरू द्या.

आता बूच मारलं आणि एखाद्या दिवशी थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला हीटर बंद करणारा स्विच, चिकटला तर पाणी तापतच राहते. दाबाखालचं पाणी 100 अंशांच्या पुढे गेलं तरी उकळत नाही, पण टाकी फाटली की त्याच क्षणी त्यातल्या काही पाण्याची वाफ होते, आणि एक लिटर पाण्याची वाफ दीड हजार लिटरच्या वर जागा मागते. बाथरूमच्या भिंती पडतात त्या यानंच.

दोन वर्षांआधी बेसाकडच्या एका फ्लॅटमध्ये गेलो होतो, तक्रार एवढीच की "पाणी फार गरम येते". कव्हर काढलं तर व्हॉल्व्हच्या तोंडात पेनाच्या रिफिलचा तुकडा कोंबून वरून एम-सील थापलेलं, थर्मोस्टॅटचे कॉन्टॅक्ट काळे पडून एकमेकांना चिकटलेले, आणि कटआऊटच्या, म्हणजे पाणी फार तापलं की वीज तोडणाऱ्या स्विचच्या, दोन वायरी सरळ जोडून टाकलेल्या. टाकीच्या जोडावर हात फिरवला तर फुगवटा बोटाला लागत होता. त्या घरातली लहान मुलगी रोज त्याच गीझरखाली आंघोळ करायची. मी आधी मेन पाडलं, मग बोललो. त्यामुळे दीडशे रुपयांत बूच मारून देणारा मेकॅनिक दिसला की माझा राग आवरत नाही.

गीझर बंद, पाणी थंड, तरी टपकतंच राहिलं तर गोष्ट वेगळी. एक तर व्हॉल्व्ह आत जिथे घट्ट बसतो त्या सीटवर कचरा किंवा क्षार अडकला असेल, बोअरच्या पाण्यात हे फार होते, नाहीतर दाब जास्त असेल. वरची टाकी जितकी उंच तितका दाब, 10 मीटर उंचीला साधारण 1 बार (बार म्हणजे दाबाचं माप) धरा, त्यात प्रेशर पंप बसवला असेल तर तोही तपासून घ्या. व्हॉल्व्ह बदलायचाच असेल तर गीझरच्या प्लेटवर लिहिलेल्या दाबाला जुळणाराच घ्या, हार्डवेअरवाल्याकडचा "साइज बसते ना" वाला नको. आणि हे काम कंपनीच्या सर्व्हिसवाल्याकडूनच करून घ्या. व्हॉल्व्हच्या नळीचं तोंड मात्र कायम उघडं आणि खालच्या बाजूला ठेवा.

प्रश्न (महाल): गरम नळाला हात लावला की मुंग्या येतात, दोन आठवडे झाले. गीझर आतून गंजला असेल का?

दोन आठवडे?? काकू, आत्ता वाचणं थांबवा, गीझरचं मेन पाडा आणि आजच लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलवा. गीझर, अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), तिन्ही तपासून होईपर्यंत ते बाथरूम वापरू नका.

प्रश्न (धरमपेठ): मुलगी इंग्लंडात लीड्सला असते. नळाला गरम पाणी येतं पण खोल्या तापवणारे रेडिएटर थंडगार. त्यांच्याकडे गरम पाणी सोडणाऱ्या मोटराइज्ड (मोटरनं उघडणाऱ्या) व्हॉल्व्हचा लिव्हर हातानं सरकवला की गरम होतात. तिथला माणूस पूर्ण व्हॉल्व्ह बदलायचा म्हणतो.

तिकडची घरं मी पाहिली नाहीत, पण हॉटेलच्या प्लांटवर असे व्हॉल्व्ह खूप हाताळलेत. लिव्हरनं पाणी जाते म्हणजे खालची बॉडी मोकळी आहे, वरच्या हेडमधली छोटी मोटर गेली असेल किंवा तिला सिग्नलच मिळत नसेल. म्हणून आधी रूम थर्मोस्टॅटचा सेल बदला आणि तापमान वाढवून पाहा. हीटिंग मागितल्यावर लिव्हर ढिला पडला तर मोटर ओढतेय, स्प्रिंगसारखा विरोध तसाच राहिला तर ओढत नाही. आणखी एक, लिव्हर अडकवला तरी बऱ्याच मॉडेलमध्ये आतला मायक्रोस्विच, म्हणजे बॉयलरला पेटायला सांगणारा छोटा स्विच, दबत नाही, बॉयलर पेटतो तो गरम पाण्याच्या लाईनमुळे, म्हणून लिव्हर लावून ठेवणं म्हणजे दुरुस्ती नाही.

ताईला त्या माणसाला एकच प्रश्न विचारायला सांगा, "नुसतं हेड बदलता येतं का?" बऱ्याच व्हॉल्व्हचं येतं, सिस्टिममधलं पाणी न काढता. पण कव्हर तिनं स्वतः उघडू नये, व्हॉल्व्ह बंद दिसला तरी आत एका वायरीत 230 व्होल्ट कायम असू शकतात. आणि बॉयलरच्या गॅसला हात लावायचा तर तिथे "गॅस सेफ" नावाच्या तिथल्या यादीत नोंदलेला माणूसच लागतो, तो कायदाच आहे.

प्रश्न (सदर): गॅस गीझर बाथरूममध्येच आहे, एक्झॉस्ट फॅन लावला तर चालेल ना?

नाही. गॅस जळताना होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, माणसाला कळायच्या आत भोवळ येते. गीझर बाहेर, मोकळ्या हवेत हलवा, गॅसवाल्या अधिकृत माणसाकडून. तो येईपर्यंत बादलीत पाणी तापवून आंघोळ करा.