एखाद्या छोट्या खेड्याला फुटबॉलचा असा कितीसा इतिहास असू शकतो?

तुमचा प्रश्न असा की फुटबॉलचा इतिहास म्हटलं की मोठ्या शहरांचे मोठे क्लबच येतात, मग एखाद्या छोट्या खेड्याकडे त्यातलं सांगण्यासारखं काही असू शकतं का. असतं की. एका खेड्याचंच सांगतो, कारण मागे त्याच्याबद्दल वाचता वाचता रात्रीचे दोन वाजले होते आणि ते प्रकरण अजून डोक्यातून गेलेलं नाही.

गावाचं नाव वेस्ट ऑकलंड. न्यूझीलंडमधलं नव्हे, हे इंग्लंडच्या उत्तरेला डरहॅम काउंटीत आहे. कोळशाच्या खाणींचा पट्टा. आठवडाभर जमिनीखाली राबायचं आणि शनिवारी वर येऊन खेळायचं असा तिथला फुटबॉल. क्लब १८९३ चा, हौशी, म्हणजे खेळायचे पैसे कोणालाच मिळत नव्हते.

१९०९ साली सर थॉमस लिप्टन (हो, तेच, चहावाले) यांच्या नावाच्या कपासाठी इटलीतल्या तुरीनला एक स्पर्धा ठरली. इटली, जर्मनी, स्वित्झर्लंड आणि इंग्लंड अशा देशांच्या टीम हव्या होत्या. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने (एफए) काही टीम पाठवली नाही. आणि इंग्लंडतर्फे गेलं कोण, तर हे खाणकामगार! यांनाच का बोलावलं याची एक फेमस गोष्ट आहे, की खरं बोलावणं वुलिच आर्सेनलला (म्हणजे आजच्या लंडनच्या आर्सेनलला) होतं पण डब्ल्यू. ए. ही दोघांची सारखीच आद्याक्षरं बघून कोणीतरी पत्र चुकीच्या पत्त्यावर धाडलं. गोष्ट झकास आहे पण पुरावा काही नाही, त्यामुळे मी ती गंमत म्हणूनच ऐकतो.

बरं गेले ते गेले, जिंकूनच आले. सेमी फायनलला स्टुटगार्टच्या टीमला २-० आणि फायनलला स्वित्झर्लंडच्या विंटरथूरला २-०. आपण ज्याला वर्ल्ड कप म्हणतो तो सुरू झाला १९३० ला उरुग्वेत, म्हणजे हे त्याच्या २१ वर्षं आधीचं. म्हणून लोक कौतुकाने याला 'पहिला वर्ल्ड कप' म्हणतात. मला विचाराल तर ते जरा जास्तच होतं, चार टीमची आमंत्रणावरची स्पर्धा होती ती. पण १९११ ला हेच लोक कप राखायला परत तुरीनला गेले, आधी झुरिकला २-० ने हरवलं आणि फायनलला युव्हेंटसला ६-१! युव्हेंटस तेव्हा आजच्यासारखा बलाढ्य नव्हता हे मान्य, तरी ६-१ म्हणजे ६-१. लागोपाठ दुसऱ्यांदा जिंकल्यामुळे कप कायमचा गावाकडे आला.

इथपर्यंतची गोष्ट सगळेच सांगतात. मला रस आहे तो पुढच्या भागात. प्रवास, राहणं, बुडालेली मजुरी, हे सगळं धरून त्या विजयाने क्लब कर्जात गेला. देणी फेडायला जवळ दुसरं काय होतं? कप. तो गावातल्या एका हॉटेलच्या मालकीणबाईंकडे ४० पौंडांना तारण ठेवला. आणि तो तिकडेच राहिला, एक-दोन वर्षं नाही, १९६० पर्यंत! मध्ये दोन महायुद्धं होऊन गेली. शेवटी गावाने वर्गणी काढून १०० पौंडांना सोडवला. पन्नासेक वर्षांत ४० चे १०० म्हणजे व्याज तसं काहीच नाही, बाईंनी जपूनच ठेवला म्हणायचा.

मला तर वाटतं खेड्यातल्या क्लबचा खरा इतिहास स्कोअरपेक्षा या उधारीच्या वहीत सापडतो. भाडं कोणी भरलं, कामावरची सुट्टी कशी काढली, कर्ज कोणी दिलं, तारण काय ठेवलं. शहरातल्या क्लबला मॅच बघायला येणाऱ्या गर्दीच्या तिकिटांवर निभावता येतं, खेड्यात बघायला येणारेच मुळात किती! स्कॉटलंडमधलं रेंटन घ्या. कापड रंगवायच्या कारखान्यांवर जगणारं गाव. १८८८ ला त्यांनी स्कॉटिश कप जिंकला आणि मग इंग्लंडचा एफए कप जिंकलेल्या वेस्ट ब्रॉमिच अल्बियनला ४-१ ने हरवून थेट 'चॅम्पियन्स ऑफ द वर्ल्ड' अशी पाटीच लावली. दोनच वर्षांत प्रोफेशनलपणाच्या, म्हणजे पैसे घेऊन खेळण्याच्या, भानगडीत लीगमधून हकालपट्टी आणि १९२२ ला क्लबच बंद. पैसे देऊन खेळाडू नेणाऱ्या शहरी क्लबांपुढे एवढंसं गाव टिकणार कसं.

वेस्ट ऑकलंड मात्र टिकलं, हौशीच राहून. १९६१ ला एफए अमॅच्युअर कप या हौशी क्लबांच्या स्पर्धेच्या फायनलसाठी लंडनच्या वेम्बली स्टेडियमला पोचले आणि २-१ ने हरले. पुढे २०१२ आणि २०१४ ला एफए वाझ या छोट्या क्लबांच्या स्पर्धेची फायनल, परत वेम्बली, परत दोन्हीदा हार. तुरीनमध्ये दोनदा जिंकलेल्या क्लबला स्वतःच्या देशात वेम्बली काही पावलं नाही.

आणि तो सोडवून आणलेला कप? १९९४ च्या जानेवारीत गावातल्या कामगारांच्या क्लबमधून चोरीला गेला, आजतागायत सापडला नाही. आता आहे ती हुबेहूब करून घेतलेली प्रत. गंमत म्हणजे खऱ्या वर्ल्ड कपची जुनी ज्यूल्स रिमे ट्रॉफीसुद्धा १९८३ ला रिओतून चोरीला गेली आणि तीही कधी मिळाली नाही. बिरुदाबद्दल वाद घाला, पण या बाबतीत तरी दोन्ही कप बरोबरीचे.

ता. क. शेजारच्या बिशप ऑकलंडबद्दलही वाचा. ते खेडं नाही, छोटं शहर आहे, पण अमॅच्युअर कप दहा वेळा जिंकलेत आणि १९५८ ला म्युनिकला टीमच्या विमानाला झालेल्या अपघातानंतर मँचेस्टर युनायटेडकडे खेळाडू उरले नव्हते तेव्हा याच हौशी क्लबने आपले तीन खेळाडू मदतीला दिले होते.