‘उत्कृष्ट शिक्षक’ पुरस्कारानं भागतं का?

तुम्ही विचारलंय, मेडिकल कॉलेजात मनापासून शिकवणाऱ्यांसाठी वर्षाला एक ‘उत्कृष्ट शिक्षक’ पुरस्कार ठेवला की पुरे का? असा एक मलाही मिळालाय. ट्रॉफी कपाटावर आहे. बढतीच्या अर्जात मात्र तिच्यासाठी रकानाच नव्हता, शेवटी ‘इतर’मध्ये घातली.

पेपर मोजता येतात, ऑपरेशनं मोजता येतात, ओपीडीतले पेशंट मोजता येतात. शिकवणं कसं मोजायचं? परवा वॉर्डात एक विद्यार्थिनी स्प्लीन, म्हणजे डाव्या बरगडीखालची प्लीहा, तपासत होती. नवखे करतात तेच तिनं केलं, हात थेट डाव्या बरगडीखाली रोवला. स्प्लीन फार वाढलेली असली की तिची कड आपल्या बोटांच्याही खाली असते, मग हाताला काहीच लागत नाही. मी तिचा हात पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात ठेवायला लावला. म्हटलं, दाबू नकोस, पेशंटला श्वास घेऊ दे, स्प्लीनच बोटांपाशी येईल. हळूहळू हात वर सरकला आणि ती पुटपुटली, ‘लागली, सर.’ वीस मिनिटं गेली. तोवर बाहेर ओपीडी तुंबली होती, आणि महिन्याच्या हिशेबात त्या वीस मिनिटांचं माझं काम शून्य.

म्हणून माझ्या मते पहिलं बक्षीस म्हणजे वेळ. शिकवण्याचे तास ड्यूटीत धरा आणि तेवढे पेशंट कमी द्या. बाकी शाल-श्रीफळ नंतर.

दुसरी गोष्ट पुराव्याची. नुसत्या विद्यार्थ्यांच्या फीडबॅकवर विसंबू नका. 2018 साली जर्मनीत 118 मेडिकल विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही गटांना वर्गात चॉकलेट कुकीज ठेवल्या, तर त्यांनी शिक्षकांनाच नव्हे, अभ्यासाच्या साहित्यालाही जास्त गुण दिले! (आमच्या विभागात हे वाचल्यावर महिनाभर बिस्किटांवरून टोमणे चालले होते.) फीडबॅक घ्याच, पण जोडीला एखाद्या सहकाऱ्यानं वर्गात मागे बसून पाहिलेलं टिपण हवं, आणि शिक्षकानं स्वतः ठेवलेली फाइल हवी. काय शिकवलं, काय फसलं, पुढच्या बॅचला काय बदललं.

तपासायचं कसं हा प्रश्न तर केव्हाच सुटलाय. शिकवणं हीही विद्वत्ताच, असं अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ अर्नेस्ट बॉयर यांनी 1990 साली मांडलं. ती तपासायला 1997 मध्ये चार्ल्स ग्लासिक आणि सहकाऱ्यांनी सहा कसोट्या दिल्या: स्पष्ट उद्दिष्टं, पुरेशी तयारी, योग्य पद्धत, ठळक परिणाम, नेटकी मांडणी आणि स्वतःच्या कामाची चिकित्सा. बढतीच्या समितीला यापलीकडे काय हवं? पण समितीवर बसणारे बहुतेक जण स्वतः पेपरांच्या जोरावर वर आलेले असतात, तिथे गाडी अडते.

पुरस्कार बंद करा असं मी म्हणत नाही, मिळाला तेव्हा मला आनंदच झाला होता. पण तुमच्या कॉलेजाला शिकवण्याची किंमत किती हे पाहायचं असेल, तर बढतीचा कोरा फॉर्म मागवा आणि शिकवण्याचा रकाना कितव्या पानावर आहे ते बघा.