फियाट ठेवावी की मारुती

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. बंगला पुनर्विकासाला गेला, बांधकाम होईपर्यंत भाड्याच्या घरात राहायचे आणि तिथे एकाच मोटारीपुरती जागा आहे. तेव्हा आजोबांची १९७५ ची फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, ठेवू की आईची १९८७ ची मारुती ८००, असे तू विचारले आहेस. कोणतीही एक दिली तरी कोणाशी तरी बेइमानी केल्यासारखे वाटेल, असेही तू शेवटी लिहिलेस. ते वाटणे खरे आहे आणि मी ते खोडून काढणार नाही. मात्र आजोबा आणि आई यांच्यातून एकाला निवडायचे आहे अशा रीतीने तू या प्रश्नाकडे पाहते आहेस, तोवर त्याचे उत्तर सापडणार नाही. मी तो असा विचारीन, की येती दहा वर्षे या दोहोंपैकी कोणती गाडी तुझ्या हातून चालती राहील?

‘चालती’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. तुझ्या वयाचा असताना माझ्याकडेही दोन गाड्या होत्या, एक फियाट आणि दुसरी मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेरल्ड, जिचे बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटे उघडत असे आणि इंजिनाशेजारी स्टूल टाकून काम करता येत असे. मला एकही सोडवेना, म्हणून मी दोन्ही ठेवल्या, फियाट वापरली आणि हेरल्डवर जाड ताडपत्री घालून तिला अंगणात उभी केली. ताडपत्रीने पाऊस अडवला, पण जमिनीतून उठणारी वाफही आत अडवली. चार पावसाळ्यांनंतर ताडपत्री काढली तेव्हा दारांचे खालचे काठ हाताने मोडत होते, उंदरांनी वायरिंग कुरतडले होते, हँडब्रेक ओढून ठेवल्यामुळे मागच्या ब्रेकचे लायनर ड्रमला घट्ट चिकटले होते. शेवटी ती गाडी भंगारवाल्याने वजनावर नेली. तिला वेळीच एखाद्या हौशी माणसाला दिले असते तर ती कदाचित आजही कुठेतरी धावत असती. मी मात्र तिला प्रेमाने ठेवून घेतले आणि मारले.

म्हणून एक गाडी दुसऱ्या काकांच्या शेतघरावर ठेवण्याचा जो मधला मार्ग तू सुचवला आहेस, तो मला मान्य नाही. महिन्यातून एकदा कोणीतरी जाऊन दहा मिनिटे इंजिन चालू करील, हा त्यात गृहीत धरलेला उपाय तर गाडी मुळीच चालू न करण्यापेक्षाही वाईट आहे. इंजिन थंड असताना जळणातून होणारे पाणी सायलेन्सरमध्ये साचते, दहा मिनिटांत ते उडून जाण्याइतकी उष्णता तिथे पोहोचत नाही, आणि सायलेन्सर आतून सडत जातो. गाडी पंधरावीस किलोमीटर पळवलीच पाहिजे, तेव्हा कुठे तेल तापते, बॅटरी भरते आणि ब्रेकचे पिस्टन जागचे हलतात.

आता गाड्यांकडे वळतो. दिवाळीत मी दोन्ही जॅकवर उचलून पाहिल्या होत्या, हे तुला आठवत असेल. इंजिनावरून जुनी गाडी निवडू नये, हे मी तंत्रनिकेतनात तीस वर्षे मुलांना सांगत आलो. इंजिन उतरवता येते, बोअर करता येते, नव्या रिंगा घालता येतात. पण या दोन्ही गाड्यांना वेगळी चासी नाही, पत्र्याची पेटी हाच त्यांचा सांगाडा आहे, आणि तो पत्रा गेला की गाडी गेली. फियाट तेल खाते, सकाळी निळा धूर सोडते, दुसऱ्यावरून तिसरा गिअर टाकताना हँडलवरचा दांडा अडखळतो. हे सगळे तुला भीतिदायक वाटते, परंतु त्यात रिंगा, व्हॉल्व्ह सील आणि दांड्याचे झिजलेले बुश यांपलीकडे काही नाही. तिच्या तळाला मी हातोडीने ठोकत गेलो तेव्हा सगळीकडे खणखणीत आवाज आला, आणि लोहचुंबक दारांच्या काठापर्यंत चिकटला. म्हणजे रंगाखाली पुट्टी भरलेली नाही.

मारुतीचे उलट आहे. तिचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन अर्ध्या सेल्फला सुरू होते आणि शिलाई मशीनसारखे चालते. पण पुढचे शॉकअब्सॉर्बर ज्या पत्र्यात बसतात, तिथे डाव्या बाजूला ठिगळावर ठिगळ आहे आणि चालकाच्या पायाखालच्या गालिच्याखाली वेल्डिंगचे दोन जुने तुकडे आहेत. मूळचा पत्रा पातळ, त्याला आणखी वेल्डिंग फार सोसणार नाही. तू ती रोज चालवतेस आणि ती कधी बंद पडत नाही, म्हणून ती निरोगी आहे असे तुला वाटते.

एवढ्यावर मी फियाट म्हणून मोकळा झालो असतो, पण सुट्या भागांचा हिशेब तितका सरळ नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभी केलेली कंपनी कुर्ल्याला ही गाडी बनवत होती, आणि ते उत्पादन थांबून पाव शतक होत आले. तरीही भाग मिळत राहिले, ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे. हजारो टॅक्सींना क्लच प्लेट, किंगपिन, पाण्याचा पंप सतत लागत, म्हणून ते बनवणारे छोटे कारखाने टिकले आणि ते बसवणारे मेस्त्रीही टिकले. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, आणि वीस वर्षांची मर्यादा संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही गेली. गिऱ्हाईक गेले की माल जातो. मारुतीचे तसे नाही. तिच्या पंचवीस लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या, उत्पादन जानेवारी २०१४ पर्यंत चालले, आणि तेच इंजिन ओम्नीत २०१९ पर्यंत बसत होते. थोडक्यात, मारुतीचे भाग मिळतील पण पत्रा टिकणार नाही, आणि फियाटचा पत्रा टिकेल पण भाग आजच गोळा करावे लागतील. भाग पैसे देऊन साठवता येतात.

इथेनॉलची तुझी भीती योग्य आहे, पण त्याने निवड बदलत नाही. वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल दोन्ही जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांतील मूळच्या रबराला सारखेच मानवत नाही. पेट्रोलच्या नळ्या आणि पेट्रोल पंपाचे डायफ्रॅम, म्हणजे आतले रबरी पडदे, बदलून घे आणि टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी महिनोनमहिने उभी करू नकोस.

कागदपत्रांकडे मात्र तू दुर्लक्ष केले आहेस. फियाट अजून आजोबांच्या नावावर आहे. मालक वारल्यावर तीस दिवसांत कळवायचे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून नाव बदलून घ्यायचे असते. तुम्ही घरच्यांनी सहा वर्षे लावली. आता उशिराचा दंड भरून, वारसांची संमती जोडून ते पहिल्यांदा कर. शिवाय ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क १०,००० रुपये झाले आहे. नोंदणी दर पाच वर्षांनी करावी लागते, आणि आपल्या राज्यात पर्यावरण कर निराळा. गाडीला पन्नास वर्षे झाली, आता ‘व्हिंटेज’ क्रमांक घे, असे तुझा मित्र म्हणतो. २०२१ च्या नियमांप्रमाणे तो मिळेल, दहा वर्षे चालेल, पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरेही येतील. परंतु त्यानंतर ती गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कामांखेरीज रस्त्यावर नेता येत नाही. म्हणजे वाईला जाणे बंद. हौसेची पाटी लावून पुन्हा हेरल्डच करायची असेल तर खुशाल घे.

माझा कौल फियाटला आहे, पण एका अटीवर: दर पंधरवड्याला तू ती स्वतः चालवशील आणि प्लग, पॉइंट व कार्ब्युरेटर स्वतः साफ करायला शिकशील. वाईच्या वाटेवर खंबाटकीच्या घाटात उन्हाळ्यात तिने दम टाकला तर इंजिनावरच्या पेट्रोल पंपाला ओले फडके गुंडाळून सावलीत पाव तास थांबण्याइतका धीर तुझ्याजवळ हवा. रोज कचेरीला रिक्षाने किंवा मेट्रोने जावे लागेल. हे जमणार नसेल तर मारुती ठेव, ठिगळांसह जेवढी वर्षे मिळतील तेवढी आनंदाने वापर, आणि फियाट अशा माणसाला दे ज्याच्याकडे छप्पर आहे आणि हाताला तेल लावायची तयारी आहे. किमतीत दहावीस हजार कमी आले तरी चालतील.

मारुती दिलीस तर घेणाऱ्याला गालिचा उचलून ती ठिगळे स्वतः दाखव. नमुना २९ आणि ३० वर सह्या होऊन नाव बदलेपर्यंत तिचा प्रत्येक दंड तुमच्याच दारी येईल, हेही ध्यानात असू दे.

या सह्या अर्थात आईच्या लागतील, कारण गाडी तिच्या नावावर आहे. तुझे चार पानी पत्र मी दोनदा वाचले. त्यात आजोबा काय म्हणाले असते हे आहे, मित्र काय म्हणतो हे आहे, आईला काय वाटेल याची काळजीही आहे, पण आई काय म्हणाली हे कुठेही नाही. तू तिला विचारलेच नाहीस, असा माझा तर्क आहे. ती त्या गाडीत चालवायला शिकली, हे तिच्या दृष्टीने मोठे असेलही. किंवा गेली दहा वर्षे तिला तिच्यात नीट बसताही येत नसेल. दिवाळीत उतरताना तिने दाराचा आधार घेतलेला मी पाहिला होता.

येत्या रविवारी सकाळी जुन्या बाजारात जाऊ. डायफ्रॅम मिळाले तर दोन घेऊ, आणि क्लच प्लेट दिसली तर ती सोडायची नाही. फियाटनेच ये, हवा भरून ये, आणि आईला विचारून जमले तर तिलाही आण. पुढची बैठक सलग आहे, तिघे सहज बसू.

तुझा,
काका