निगेटिव्हचा डबा एक, हक्क वेगवेगळे

प्रश्न : माझ्या वडिलांचा मिरजेत फोटो स्टुडिओ होता. १९६४ ते १९९८ त्यांनी तो चालवला. दुकान बंद केलं की कॅमेरा घेऊन सायकलवरून गावात फिरायचे. स्टेशनवरचे हमाल, लक्ष्मी मार्केटचा बाजार, सतारमेकर गल्लीतले कारागीर, गणपतीच्या कमानी, असे हजारो फोटो आहेत. वर्तमानपत्रांनाही ते फोटो द्यायचे, पगारी नोकर नव्हते, फोटोमागे पैसे मिळायचे. वडील २००९ मध्ये गेले, आई २०१५ मध्ये. मृत्युपत्र कोणाचंच नाही. आम्ही दोन भाऊ आणि मी. मी सोलापूरला असते. धाकट्या भावाने मला न विचारता निगेटिव्हचे दोन डबे स्कॅनिंगसाठी एका संस्थेला दिले, लेखी काहीच केलं नाही. संस्थेने प्रदर्शन भरवलं आणि आता त्याच फोटोंची दिनदर्शिका विकते आहे. वडिलांचं नाव कुठेच नाही. उलट ‘सर्व हक्क संस्थेकडे’ असं छापलं आहे. भाऊ म्हणतो, तू २०१० मध्ये हक्कसोड करून दिलीस, तुझा आता काय संबंध? शिवाय प्रदर्शनात आपल्या आजीचा स्टुडिओतला फोटो पाहून एका कुटुंबाने मलाच फोनवर जाब विचारला. मी काय करू?

उत्तर : ताई, पत्रासोबत तुम्ही दिनदर्शिकेचं एक पान पाठवलं आहे. गच्चीवर ओळीने वाळत ठेवलेले सतारीचे भोपळे आणि त्यांच्यामधून वाट काढत निघालेला, हातात चहाची किटली घेतलेला एक पोरगा. खाली तिथी आहे, वार आहे, एकादशी आहे. फोटो काढणाऱ्याचं नाव तेवढं नाही. तुमचा संताप मला पूर्ण समजतो. तरीही उद्याच्या उद्या नोटीस पाठवू नका. आधी एक काम करा, नाहीतर समोरचा वकील पहिल्याच उत्तरात तुम्हाला अडचणीत आणेल.

ते काम म्हणजे फोटोंची विभागणी. डबा तुमच्या वडिलांचा असला, तरी त्यातल्या प्रत्येक फोटोचा कॉपीराइट त्यांचा असतोच असं नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे फोटो काढणारा हा सर्वसाधारणपणे पहिला मालक. पण त्याच कलमात एक अपवाद आहे : कोणाच्या सांगण्यावरून, पैसे घेऊन फोटो काढला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक ते काम सांगणारा. म्हणजे लग्नाचे अल्बम, बारशाचे फोटो, मुलगी दाखवण्यासाठी काढलेले फोटो, पडद्यापुढे खुर्चीत बसवून काढलेली आजी, या सगळ्यांचा कॉपीराइट त्या त्या गिऱ्हाइकाचा आणि त्याच्या पश्चात त्याच्या वारसांचा. नगरपालिकेने बोलावून काढून घेतलेल्या समारंभाच्या फोटोंवरही तुम्हाला हक्क सांगता येणार नाही. निगेटिव्हची फिल्म तुमच्या कपाटात असणं ही एक गोष्ट आणि ती छापण्याचा हक्क ही दुसरी.

वर्तमानपत्रांना दिलेल्या फोटोंचं जरा नाजूक आहे. वडील पगारी नोकर नव्हते, फोटोमागे पैसे मिळायचे, असं तुम्ही लिहिता. मग संपादकाने ‘अमुक ठिकाणी जाऊन फोटो काढून आणा’ म्हणून पाठवलं असेल तर तो फोटो वर्तमानपत्राच्या मालकाचा ठरू शकतो. वडिलांनी आधी स्वतः काढला आणि मग नेऊन दिला असेल, तर कॉपीराइट त्यांच्याकडेच राहिला. हे आज कोण सांगणार? पाकिटं आणि बिलबुकं. निगेटिव्हच्या पाकिटावर गिऱ्हाइकाचं नाव आणि बिलाचा नंबर असेल तर तो पहिला ढीग, गिऱ्हाइकांचा. ज्यावर नुसतं गल्लीचं नाव आणि तारीख आहे, बिल नाही, तो वडिलांचा स्वतःचा. भोपळ्यांचा फोटो कोणी ऑर्डर देऊन काढून घेतला असेल असं मला वाटत नाही. गाव ज्यात जिवंत दिसतं तो हाच ढीग, आणि तुमची बाजू सगळ्यात भक्कम आहे तीही इथेच.

मुदतीची काळजी नको. २०१२ च्या दुरुस्तीपूर्वी फोटोचं संरक्षण प्रसिद्धीपासून ६० वर्षं होतं. आता ते छायाचित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. दुरुस्ती झाली तेव्हा १९६४ नंतरच्या एकाही फोटोची मुदत संपलेली नव्हती. त्यामुळे तुमच्या वडिलांच्या फोटोंना ३१ डिसेंबर २०६९ पर्यंत संरक्षण आहे.

आता भावाचा मुद्दा. हक्कसोडपत्र बाहेर काढून शब्द न् शब्द वाचा. अशा दस्तात बहुधा सिटी सर्व्हे नंबर आणि चतुःसीमा लिहिलेल्या असतात. तुमच्यातही फक्त दुकानगाळ्याचं वर्णन असेल, तर तुम्ही गाळ्यावरचा हक्क सोडलात, फोटोंवरचा नाही. ‘सर्व स्थावर-जंगम मिळकत’ असे शब्द असतील तर भाऊ त्यांचा आधार घेईल. पण कॉपीराइट दुसऱ्याला देताना कलम १९ प्रमाणे लेखी, सही केलेला दस्त लागतो आणि त्यात कोणती कलाकृती दिली हे ओळखता आलं पाहिजे. मोघम शब्दांत तो जात नाही, असाच माझा युक्तिवाद राहील. न्यायालयाने तो मान्य केला नाही असं धरलं तरी वडिलांच्या मागे चौथा हिस्सा आईकडे गेला होता. २०१५ मध्ये तो तुम्हा तिघांना सारखा आला. २०१० च्या कागदाने २०१५ मध्ये आलेला हक्क कसा सुटेल? निदान बारावा हिस्सा तुमचा आहेच, आणि सहमालकाला डावलून एकट्या भावाला परवानगी देता येत नाही.

संस्थेला त्याने दिलेली तोंडी मान्यता तर आणखी कच्ची. कॉपीराइट वापरण्याची परवानगी कलम ३० प्रमाणे लेखी हवी. ‘त्यांनीच डबे आणून दिले, म्हणजे संमती होतीच,’ असा बचाव संस्था घेईल. प्रदर्शनापुरता तो थोडाफार टिकेलही, विक्रीच्या दिनदर्शिकेसाठी टिकणं कठीण. आणि ‘सर्व हक्क संस्थेकडे’? नुसतं स्कॅन केल्याने नवा हक्क जन्माला येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात म्हटलं आहे की कॉपीराइटसाठी श्रम आणि पैसा पुरत नाही, थोडी तरी स्वतःची सर्जनशीलता लागते.

नावाचा हक्क मात्र या सगळ्या ढिगांच्या वर आहे. कलम ५७ प्रमाणे ‘हे काम माझं’ असं सांगण्याचा हक्क मालकी गेली तरी कर्त्याकडे राहतो, आणि त्याच्या मागे कायदेशीर वारसांना तो बजावता येतो. २०१२ पूर्वी वारसांना एवढा एक हक्क नव्हता, आता आहे. म्हणजे लग्नाच्या अल्बमातल्या, ज्यावर तुमची एका पैशाची मालकी नाही अशा फोटोखालीसुद्धा वडिलांचं नाव मागण्याचा अधिकार तुम्हाला आहे. नोटिशीत ही मागणी सगळ्यात वर घाला. त्याखाली विक्री थांबवणं, आतापर्यंतचा हिशेब, आणि दोन्ही डबे मोजून, यादीवर सही घेऊन परत. ठेवायला दिलेली वस्तू काम झाल्यावर न मागता परत करायची, असं करार कायद्याचं कलम १६० सांगतं. डब्यांची घाई करा. जुन्या फिल्मला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला की ती खराब होते आहे असं समजा. दावा लावावा लागलाच तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ मुळे तो सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात लावता येईल, मिरजेला खेटे घालावे लागणार नाहीत. पोलिसांत जाण्याचा सल्ला मी देणार नाही. त्यात भाऊही ओढला जाईल.

त्या आजींच्या घरच्यांना तुम्ही स्वतः फोन करा. कॉपीराइट बहुतेक त्यांचाच आहे, आणि प्रत्येकाच्या खासगीपणाचा मान तर २०१७ पासून मूलभूत हक्क म्हणून स्पष्टच झाला आहे. तो फोटो उतरवायला संस्थेला लेखी कळवा आणि त्याची एक चांगली प्रत त्यांना नेऊन द्या. स्टुडिओतले फोटो, त्यातही बायकांचे आणि अंत्यदर्शनाचे, घरच्यांना विचारल्याशिवाय यापुढे कुठेही लावू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी.

भावांशी बोलताना हिश्श्यापासून सुरुवात करू नका. तिघांच्या सहीचा एक करार करा : डबे कोणाकडे, परवानगी कोण देणार, पैसे आले तर वाटणी कशी. थोरल्या भावाचं मत काय आहे ते पत्रात आलेलं नाही. ते आधी विचारा. आणि बिलबुकं अजून दुकानाच्या माळ्यावर आहेत की डब्यांबरोबर तीही संस्थेकडे गेली, हे आजच्या आज शोधून मला कळवा. नोटिशीचा मसुदा त्यानंतर.